पानिपत : बखर आणि नकाशा

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर जे घडले, त्याची दोन परस्परविरुद्ध कथने मराठीत रूढ आहेत. पहिले बखरकारांचे, दुसरे त्र्यंबक शंकर शेजवलकरांचे. शेजवलकरांचा ग्रंथ १९४६ मध्ये इंग्रजीत आणि युद्धाच्या द्विशताब्दीच्या वर्षी, १९६१ मध्ये, मराठीत अवतरला. वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने बखर वाचावी आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याने शेजवलकर, अशी वाटणी आपण करून टाकली आहे. प्रस्तुत लेखकानेही अनेक वर्षे 'भाऊसाहेबांची बखर' गद्यशैलीचा नमुना म्हणून शिकवली. वर्गात उत्तर हिंदुस्थानचा नकाशा मात्र एकदाही लावला नाही. हा दोष अध्यापनाचा म्हणून सोडून देता येणार नाही. मुळात वाचनच अपुरे होते.

बखरीचे सामर्थ्य मसलतीच्या आणि मानापमानाच्या प्रसंगांत आहे. अवजड तोफखाना व बाजारबुणगे मागे ठेवून गनिमी काव्याने लढावे, हा वडीलधाऱ्या सरदारांचा सल्ला सदाशिवरावभाऊंनी झिडकारला, ही हकीकत सर्वतोमुखी झाली ती अशा कथनाच्या बळावर. आरंभीच्या अवमानात अंतिम विनाशाचे बीज पाहण्याची ही दृष्टी महाभारताच्या श्रोत्याला नवी नव्हती. परिणामी बखरीत पराभवाचे कारण स्वभाव हेच ठरते.

शेजवलकर हे कारण स्वभावातून काढून भूमीवर आणतात. ऑक्टोबर १७६० मध्ये भाऊंनी कुंजपुरा जिंकला. त्याच महिन्याच्या अखेरीस अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून मराठी फौज आणि दिल्ली यांच्या मधोमध आला. युद्धाचे तोंडच फिरले. दक्षिणेतून आलेले सैन्य आता दक्षिणेकडे तोंड करून उभे होते, आणि परतीची वाट शत्रूच्या छावणीतून जात होती. अब्दालीचाही काबूलचा रस्ता मराठ्यांच्या पलीकडे राहिला होता, परंतु नजीबखान रोहिल्यामुळे अंतर्वेदीचे धान्य त्याला मिळत होते. ती रसद मारण्याची कामगिरी गोविंदपंत बुंदेल्यांकडे होती. डिसेंबरात ते मारले गेले. पुढील लढाईचे स्वरूप इतके या हालचालींनी ठरवले होते की, मसलतीतील शब्दाशब्दी तिच्यापुढे दुय्यम वाटू लागते.

शेजवलकरांचे सर्वांत मूलगामी प्रतिपादन गोलाविषयी आहे. भाऊंना निर्णायक झुंज द्यायची नव्हती. इब्राहिमखान गारद्याच्या तोफा व पलटणी यांच्या आश्रयाने, बिनलढाऊ जमाव मध्ये घेऊन, शत्रूची फळी फोडत दिल्लीकडे सरकायचे होते. हे मान्य केले, तर 'ही लढाई की कूच?' हाच मूळ प्रश्न होतो आणि गारद्यांच्या पुढे धावणाऱ्या घोडदळाच्या शौर्याकडेही निराळ्या नजरेने पाहावे लागते. जदुनाथ सरकारांशी त्यांचा वाद आहे तो याच मुद्द्यावर.

तथापि शेजवलकर निःपक्ष न्यायाधीश नव्हेत. ते भाऊंचे वकील आहेत, आणि वकिलाप्रमाणेच बखरीची उलटतपासणी घेतात. साक्षीदार खोटा ठरला की त्यांचे काम संपते. (त्यांची भाषाही अशा वेळी विनाकारण चिडखोर होते.) परंतु तो साक्षीदार तसेच का बोलला, हे त्यांना विचारावेसे वाटत नाही. हा प्रश्न वाङ्मयाच्या अभ्यासकाचा आहे आणि आपण तो इतिहासकारांवर सोपवून मोकळे झालो.

उदाहरणार्थ, छावणीतील उपासमार. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या दक्षिणी काशीराजाने तिचे वर्णन आपल्या फारसी वृत्तांतात केले आहे. दोन दिवस अन्नाचा कण नाही, तेव्हा उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू द्या, असे सरदार व शिपाई भाऊंच्या डेऱ्यापाशी येऊन सांगतात. शेजवलकरांच्या हिशेबात ही रसदीची तूट होय. बखरीतही भूक आहे. माणसे आणि जनावरे अन्नावाचून मरतात. लक्षात येते ते हे की, या पानांवर बखरकार भाऊंच्या अहंकाराला जवळजवळ विसरतो. ज्या कारणाभोवती त्याने सारी कथा उभारली, ते येथे त्याच्याच हातून निसटते आणि नकाशा न पाहताही तो शेजवलकरांच्या शेजारी येऊन उभा राहतो.