हृद्रोगसंशोधनातील ‘सकाळ’ : एक परिभाषाचिकित्सा

हृदयविकाराचा झटका सकाळी अधिक येतो, हे विधान वैद्यकाच्या ग्रंथांतून बाहेर पडून आता सामान्यांच्या बोलण्यातही रूढ झाले आहे. विधान साधे दिसते. परंतु त्यातील ‘सकाळी’ हे कालवाचक क्रियाविशेषण तितके साधे नाही. गेल्या चार दशकांतील संशोधन तपासले असता हा एकच शब्द तीन भिन्न अर्थांनी योजिला गेल्याचे दिसून येते : घड्याळातील सकाळ, निजून उठण्याची सकाळ आणि शरीराच्या अंतर्गत कालगणनेतील सकाळ. ह्या तिहींत विवेक न केल्यास कारणमीमांसा आणि उपचार ह्या दोहोंविषयीचे अनुमान सदोष ठरते.

पहिल्या अर्थाचे उत्तम उदाहरण म्हणजे मुलर व त्यांचे सहकारी ह्यांचा १९८५ सालचा निबंध होय. त्यात २,९९९ रुग्णांच्या झटक्यांची वेळ पाहिली गेली. रुग्णाने सांगितलेली वेळ विश्वसनीय असतेच असे नाही. झोपेत सुरू झालेली व्यथा जाग आल्यावरच जाणवते. ही अडचण ओळखून ७०३ रुग्णांत रक्तातील एका विकराच्या वाढीवरून झटक्याचा आरंभ निश्चित करण्यात आला. ह्या पद्धतीनेही सकाळी ९ च्या सुमारास झटक्यांचे प्रमाण रात्री ११ च्या मानाने तिप्पट आढळले. निबंधाचे सामर्थ्य ह्या दक्षतेत आहे. त्याची उणीव मात्र शीर्षकातच आहे. तेथे ‘सर्केडियन’ हे विशेषण आले आहे. लॅटिन ‘सुमारे’ आणि ‘दिवस’ ह्या अर्थांच्या शब्दांवरून हाल्बर्ग ह्यांनी १९५९ मध्ये घडविलेली ही संज्ञा काटेकोर वापरात शरीरातूनच उद्भवणाऱ्या आवर्तनासाठी राखून ठेवली जाते. निबंधात सिद्ध झाली ती चोवीस तासांतील विषम वाटणी. तिचा उगम नव्हे. शिवाय ‘तिप्पट’ ही तुलना आहे. एखाद्या व्यक्तीला एखाद्या सकाळी असलेला धोका प्रत्यक्षात किती, हे त्या शब्दावरून कळत नाही.

दुसरा अर्थ टॉफ्लर प्रभृतींच्या १९८७ च्या निबंधात येतो. १५ निरोगी पुरुषांच्या रक्तपट्टिकांची एकमेकींना चिकटण्याची प्रवृत्ती सकाळी ६ ते ९ ह्या अवधीत वाढते, असे त्यांना आढळले. तथापि, त्यांपैकी काहींना दुसऱ्या एका सकाळी अंथरुणावरच पडून राहावयास सांगितले, तेव्हा ती वाढ दिसली नाही. घड्याळ तेच, सूर्य तोच. केवळ उठणे वगळले आणि परिणामही नाहीसा झाला. येथील ‘सकाळ’ ही काळाची नव्हे, क्रियेची संज्ञा आहे.

तिसऱ्या अर्थाची परीक्षा शीअर आणि शी ह्यांच्या २०१४ च्या प्रयोगात झाली. १२ निरोगी व्यक्तींना मंद प्रकाशात, बाह्य जगापासून दूर, २० तासांच्या कृत्रिम ‘दिवसा’प्रमाणे ठेवण्यात आले. त्यामुळे झोप, आहार आणि हालचाल शरीराच्या कालचक्राच्या प्रत्येक टप्प्यावर येऊन गेली आणि त्यांचा प्रभाव वेगळा काढता आला. गुठळी विरघळण्याच्या क्रियेस आवर घालणारे पीएआय-१ हे प्रथिन तरीही अंतर्गत काळाच्या पहाटे साडेसहाच्या सुमारास शिखरास पोहोचले. हे निष्कर्ष टॉफ्लर ह्यांच्या निष्कर्षांशी विसंगत मानण्याचे कारण नाही. एक घटक मुख्यतः उठण्याशी बद्ध असू शकतो, तर दुसरा आंतरिक आवर्तनाशी. विरोध दिसतो तो ‘सकाळ’ हा शब्द एकच आहे म्हणून.

येथे आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. पीएआय-१ हा निर्देशक आहे, रोग नव्हे. चिन्ह आणि चिन्हित ह्यांतील अंतर भाषाभ्यासकास नवे नाही. वैद्यकातही ते विसरून चालत नाही. निरोगी माणसांतील प्रथिनाच्या चढउतारावरून रुग्णाच्या झटक्यापर्यंतची वाट अनुमानाची आहे, प्रत्यक्षाची नव्हे.

ह्या अनुमानाची मर्यादा उपचारांच्या क्षेत्रात उघड होते. रक्तदाबालाही दैनिक चढउतार आहे. म्हणून त्याची औषधे रात्री घेतल्यास हृदयास अधिक संरक्षण मिळेल, असा तर्क केला गेला. ब्रिटनमधील २१,१०४ रुग्णांना सुमारे पाच वर्षे अभ्यासून २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘टाइम’ चाचणीत हृदयविकार, पक्षाघात वा तज्जन्य मृत्यू ह्यांचे प्रमाण सायंकाळच्या गटात ३.४ टक्के, तर सकाळच्या गटात ३.७ टक्के निघाले. हा फरक संख्याशास्त्रदृष्ट्या लक्षणीय नव्हता. ही चाचणी गुठळीविषयक नव्हे, हे खरे. परंतु आवर्तन सिद्ध झाले म्हणजे औषधाची वेळ ठरली, ही उडी किती अवघड आहे हे तिने दाखविले.

प्रश्न केवळ शब्दच्छलाचा नाही. रात्रपाळीच्या कामगाराचे उदाहरण घ्यावे. घड्याळात सकाळचे सात वाजतात तेव्हा तो निजावयास जातो. तो उठतो तेव्हा दुपार कललेली असते. आणि त्याचे अंतर्गत घड्याळ ह्या दोहोंशी जुळेलच असे नाही. दिवसा काम करणाऱ्याच्या आयुष्यात एकत्र येणाऱ्या तिन्ही सकाळी त्याच्या बाबतीत परस्परांपासून फुटतात. ‘सकाळी जपा’ हा उपदेश त्याने कोणत्या सकाळी पाळावा?

मराठीत हा विषय मांडणाऱ्यांनी ‘सर्केडियन’साठी सरसकट ‘दैनंदिन’ हा शब्द योजू नये. तो ‘रोजचे’ एवढाच अर्थ देतो आणि उगमाविषयी मौन बाळगतो. ‘सकाळी नऊला’, ‘उठल्यानंतर’ आणि ‘अंतर्गत प्रातःकाळी’ असे तीन स्वतंत्र प्रयोग पाळले, तरी बराचसा गोंधळ टळेल. संशोधकाने काय मोजले हे वाचकाला कळावे, एवढीच परिभाषेकडून अपेक्षा आहे. आणि ह्या विषयात ती अपेक्षा रुग्णाच्या हिताशी थेट निगडित आहे.