सगळ्यात निसरडं ऑइल जिंकलं, पण गिअर का पडत नाही?

मागच्या आठवड्यात मामांनी एक व्हिडिओ फॉरवर्ड केला. खाली एकच ओळ: "तू ह्याच्यातच पीएचडी करतोयस ना? मग सांग, घेऊ का हे?"

तो प्रयोग तुम्हीही कुठेतरी पाहिला असेल. मोटरवर फिरणारी पोलादी कडी, तिच्याखाली ऑइलची वाटी आणि वरून दांड्याने दाबायचा बेअरिंगचा तुकडा. साधं ऑइल घातलं की थोड्याशा वजनावर किंचाळून मोटर थांबते. विक्रेत्याचं ऑइल घातलं की माणूस दांड्याला लोंबकळला तरी कडी फिरतच राहते.

मामांची फोर बाय फोर जीप २,४०,००० किलोमीटर चाललेली आहे. वेल्ह्याच्या बाजूला चढउताराच्या रस्त्यांवर तिचं रोजचं भाडं. हल्ली सकाळी दुसरा गिअर टाकताना 'कर्रर्र' होतं. गिअरबॉक्स उघडायचा म्हणजे मजुरी, सुटे भाग आणि आठवडाभराचं भाडं बुडणार. त्यापुढे महागातलं ऑइलही स्वस्तच वाटतं.

तर आज त्या व्हिडिओचं परीक्षण करू, एखादा पेपर रिव्ह्यूला आल्यासारखं. आधीच सांगतो, व्हिडिओत हातचलाखी नाही. जे दिसतं ते खरंच घडतं. अडचण वेगळीच आहे.

पहिला प्रश्न नेहमी हाच विचारा: मोजलं काय? इथे पोलादावर पोलाद नुसतं घासतंय, अगदी छोट्या जागेवर, काही सेकंद. अशा ठिकाणी ऑइलचा थर टिकत नाही. टिकतो तो गंधक, फॉस्फरस किंवा क्लोरीनच्या संयुगांनी धातूवर तयार केलेला पातळ रासायनिक थर. त्यामुळे गंमत अशी होते, की ह्या यंत्रावर कपड्यांचं ब्लीचसुद्धा चांगल्या ऑइलला हरवू शकतं, कारण त्यात क्लोरीन आहे. आता ब्लीच कोणी गिअरबॉक्समध्ये ओतेल का? म्हणजे यंत्राने उत्तर बरोबर दिलं, पण ते आपल्या प्रश्नाचं नव्हतं.

आपला प्रश्न काय आहे बघा. मामांचा गिअर अडतो तो सिंक्रोनायझरपाशी. मेकॅनिक ज्याला पितळी रिंग म्हणतात तीच ही. गिअर बदलताना ती समोरच्या पोलादी शंकूला घट्ट पकडते आणि घर्षणाने दोघांचा वेग सारखा करते. मग दात अलगद बसतात. इथे घर्षण हवंय! रिंगवरच्या बारीक खाचा ऑइल बाहेर ढकलण्यासाठीच असतात. ऑइल नको तितकं निसरडं असेल तर रिंग पकडणार नाही आणि गिअर कर्रर्र करणार. म्हणजे व्हिडिओत पहिलं आलेलं ऑइल इथे शेवटचं येऊ शकतं.

त्याच जीपचा डिफरन्शिअल घ्या. क्राउन-पिनियन हायपॉइड असेल, तर पिनियनचा अक्ष क्राउनच्या मध्यापासून सरकवलेला असतो, म्हणून दात नुसते लोळत नाहीत, लांबीच्या दिशेने जोरात घासतात. तिथे तो रासायनिक थर हवाच. जीएल-५ हा दर्जा त्याच्यासाठीच आहे. त्यातल्या दोन मुख्य चाचण्या खरा अ‍ॅक्सल बसवून घेतात: एक कमी वेग आणि जास्त टॉर्कवर, दुसरी जास्त वेगात झटके देऊन. पण सिंक्रोनायझर त्यांत कुठेच नाही. तेव्हा 'जीएल-५ हा जीएल-४ च्या वरचा नंबर, म्हणून गिअरबॉक्सलाही चांगला' हा तर्क टिकत नाही.

उलट बाजूचा लाडका दावा, 'जीएल-५ पितळ खातं', तोही असाच तपासा. त्याच्या पुराव्यात बहुतेकदा तांब्याच्या पट्टीची चाचणी येते. गिअर ऑइलसाठी पट्टी १२१ अंशांवर तीन तास बुडवून ठेवतात आणि तिचा रंग तक्त्याशी ताडून पाहतात. रंग बदलला म्हणजे पृष्ठभागावर अभिक्रिया झाली. रिंग किती झिजली ते त्यावरून कळत नाही. शिवाय सगळ्या ऑइलमधलं गंधक सारखंच सक्रिय नसतं.

हे मी शहाणपणाने सांगत नाहीये. पहिल्या वर्षी मी चार महिने फोर-बॉल यंत्रावर काढले. चार पोलादी गोळ्या, १२०० फेरे, ७५ अंश, एक तास, मग खालच्या तीन गोळ्यांवरचे ओरखडे सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचे. आलेख सुंदर आले होते. गाइड मॅडमनी एवढंच विचारलं, "गिअरबॉक्समध्ये हा संपर्क कुठे आहे?" माझा विषय होता पितळ-पोलाद, आणि यंत्रात पितळ नव्हतंच. यंत्र लॅबमध्ये होतं, रिकामं होतं, म्हणून मी ते वापरलं होतं. तुमच्याही लॅबमध्ये असं एखादं रिकामं यंत्र असणार.

आता 'जुनी गाडी, जाड ऑइल'. ह्याचा पुरावा म्हणजे 'मी घातलं, आवाज गेला.' पण त्या दिवशी नक्की काय काय बदललं? जुनं ऑइल जाऊन नवं आलं. सीलमधून गळून कमी झालेली पातळी भरली. ट्रायल बहुधा गरम इंजिनवर घेतली. आणि पैसे मोजलेल्या माणसाच्या कानाने ती ऐकली. यातलं जाडपणाचं श्रेय किती, सांगता येईल? शिवाय जाड थर दातांचा आवाज दाबतो. झीज थांबली का, हा प्रश्न तसाच राहतो. १०० अंशांवर ९० ग्रेडला किमान १३.५ सेंटिस्टोक लागतात, १४० ग्रेडला २४. थंड सकाळी तर हा फरक आणखी वाढतो आणि रिंगला ते जाड ऑइल बाजूला सारायला वेळ लागतो. मामांचा त्रास सकाळचाच आहे, विसरू नका.

मग मी त्यांना काय सांगितलं? आधी मॅन्युअल बघा: गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, पुढचा आणि मागचा डिफरन्शिअल, प्रत्येकाचं वेगळं लिहिलेलं असतं. ग्रेड न बदलता ऑइल बदला आणि काढलेलं फेकू नका. रविवारी मी गेलो. मागच्या डिफरन्शिअलमधून दुधाळ ऑइल निघालं. पावसाळ्यात गरम अ‍ॅक्सल ओढ्यात उतरला, आतली हवा आकसली, ब्रीदर तुंबलेला, म्हणून सीलमधून पाणी ओढलं गेलं. ह्याचा विचार व्हिडिओ बघताना कोणीच केला नव्हता, मीही नाही. गिअरबॉक्सच्या ड्रेन प्लगच्या चुंबकावर करडा लगदा होता, तो अपेक्षितच. पण ऑइल उन्हात धरलं तर सोनेरी चमक दिसली. पितळ चुंबकाला चिकटत नाही.

नवं जीएल-४ भरलं. कर्रर्र कमी झालं, गेलं नाही. मामा म्हणाले, "ऑइलनेच बरं वाटलं की रे." मी म्हटलं, पातळीही अर्धा लिटर कमी होती. रिंग झिजलीच असेल तर कुठलंच ऑइल ती भरून काढणार नाही. दिवाळीची भाडी झाली की बॉक्स उघडायचं ठरलंय. तोवर दर ५,००० किलोमीटरला एक नमुना काढायचा. पहिल्या बाटलीवर तारीख आणि किलोमीटर मामांनी स्वतः लिहिलेत.