सामान्य शिक्षण आणि 'वन' हा शब्द

पदवीच्या अभ्यासक्रमात सामान्य शिक्षणाला स्थान असावे काय, आणि असल्यास किती, हा वाद आपल्या विद्यापीठांना नवा नाही. १९४८ मध्ये नियुक्त झालेल्या राधाकृष्णन आयोगाने पुढल्याच वर्षी सादर केलेल्या अहवालात या प्रश्नाचा सविस्तर ऊहापोह केला होता. आपले पदवीधर फार लवकर आणि फार अरुंद वाटेने एकेका विषयात शिरतात अशी त्याची तक्रार होती, आणि सामान्य शिक्षणाचा अवलंब विनाविलंब व्हावा अशी शिफारस. त्यापूर्वी १९१९ मध्ये कोलंबिया विद्यापीठाने समकालीन संस्कृतीचा एक समाईक पाठ्यक्रम सुरू केला होता, व १९४५ मध्ये हार्वर्डचा या विषयावरील अहवाल प्रसिद्ध झाला होता. आपल्याकडे अलीगढ व बडोदे येथील विद्यापीठांनी त्या काळी काही उत्साहाने प्रयोगही केले. पुढे उत्साह ओसरला. नंतरच्या काळात 'फाउंडेशन कोर्स' किंवा तत्सम नावाने ज्या सक्तीच्या पत्रिका आल्या, त्यांची विद्यार्थिवर्गातील ख्याती 'आदल्या रात्री गाइडमधून उरकावयाची पत्रिका' अशीच राहिली.

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने हा विषय पुन्हा पटलावर आणला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये प्रसृत केलेल्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीचे किमान १२० श्रेयांक असे विभागलेले आढळतात : मुख्य विषयास ६०, गौण विषयास २४, बहुविद्याशाखीय पत्रिकांस ९, भाषिक क्षमतेस ८, कौशल्यास ९, मूल्यवर्धनास ६ ते ८, आणि उरलेले प्रत्यक्ष कार्यानुभवास. महाराष्ट्र शासनाने एप्रिल २०२३ च्या निर्णयाने जी मांडणी स्वीकारली तीत भारतीय ज्ञानपरंपरेसाठीही वेगळे श्रेयांक आहेत. केवळ अंकगणित पाहिले तर मुख्य विषयाबाहेरच्या शिक्षणाला पदवीत इतका वाटा क्वचितच मिळाला असेल, आणि सामान्य शिक्षणाच्या पुरस्कर्त्यांनी संतुष्ट व्हावयास हरकत नाही. प्रस्तुत लेखक सामान्य शिक्षणाचा पुरस्कर्ता आहे. तो संतुष्ट नाही. त्याचे कारण श्रेयांकांच्या संख्येत नसून 'सामान्य' या शब्दाच्या आपण करीत असलेल्या अर्थात आहे.

रूढ मराठीत 'सामान्य' म्हणजे बेताचे, यथातथा. सामान्य शिक्षणाची गोष्ट निघताच विभागप्रमुखांच्या मुद्रेवर जी किंचित कणव उमटते तिचे मूळ या अर्थात असावे. परंतु या शब्दाचे एक अधिक नेमके आयुष्यही आपल्या परंपरेत आहे. वैशेषिकांच्या पदार्थगणनेत 'सामान्य' आणि 'विशेष' हे दोन स्वतंत्र पदार्थ आहेत. सामान्य हे एक असून अनेकांत राहते. कळपातील सगळ्या गाई मोजून त्यांची बेरीज मांडली म्हणून गोत्व हाती लागत नाही. गोत्व हे गाईंच्या संख्येहून निराळ्या प्रकारचे आहे. आपल्या नव्या आराखड्यात नेमकी बेरीज मांडलेली आहे. मुख्य विषयाच्या पात्रात दोन श्रेयांकांचे पर्यावरण, दोन श्रेयांकांची ज्ञानपरंपरा, दोन श्रेयांकांचे व्यक्तिमत्त्व असे जिन्नस घातले जातात आणि त्या मिश्रणाला व्यापक शिक्षण म्हटले जाते. यात 'अनेकांत असणारे एक' कोठे आहे, हा प्रश्न कोणी विचारीत नाही.

हा आक्षेप केवळ तात्त्विक वाटू नये म्हणून एक उदाहरण घेतो. ते मुंबईच्या उपनगरांतील आहे आणि आपल्यापैकी बहुतेकांच्या समोर घडलेले आहे.

गोरेगावच्या पूर्वेस १९४९ मध्ये आरे दुग्धवसाहतीची स्थापना झाली आणि १९५१ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. शहरात दाटीवाटीने बांधलेल्या म्हशींचे गोठे बाहेर न्यावेत आणि मुंबईला स्वच्छ दूध मिळावे, ही दारा खुरोडी यांची योजना. १९६३ चे मॅगसेसे पारितोषिक त्यांना त्रिभुवनदास पटेल व कुरियन यांच्यासह मिळाले. सुमारे तीन हजार एकरांहून अधिक विस्ताराच्या या वसाहतीत गोठे आले, वैरणीची कुरणे आली, रस्त्यांच्या कडेने झाडे लावली गेली. वसाहतीच्या आधीपासून तेथे वारली, कोकणा, मल्हार कोळी इत्यादी जमातींचे पाडे होते आणि आजही आहेत. उत्तरेस राष्ट्रीय उद्यान लागून आहे. बिबळ्याला दोहोंमधली सीमारेषा ठाऊक नाही. विंचवाच्या एका जातीच्या शास्त्रीय नावात आरेचे नाव गोवलेले आहे.

या भूमीवर मेट्रोच्या तिसऱ्या मार्गिकेची कारशेड उभारावयाची की नाही, या वादात न्यायालयापुढे एक मुद्दा असा होता की, आरे हे वन आहे काय ? ४ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने विरोधकांच्या याचिका फेटाळल्या. त्याच रात्री वृक्षतोड सुरू झाली. विरोध करणाऱ्या ज्या २९ जणांना अटक झाली त्यांत विद्यार्थी होते. विधीच्या एका विद्यार्थ्याने सरन्यायाधीशांना पाठविलेल्या पत्राची दखल घेऊन ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबविली. तोवर २,१४१ झाडे पडली होती. पुढे २०२० मध्ये कारशेड कांजूरमार्गला नेण्याचे ठरले, २०२२ मध्ये ती पुन्हा आरेत आली, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल असा पहिला टप्पा सुरू झाला. जे झाले ते योग्य की अयोग्य, हा या लेखाचा विषय नव्हे. लोकलच्या गर्दीत ज्यांचा रोज जीव गुदमरतो त्यांच्या बाजूनेही पुष्कळ बोलता येते, आणि मिठीच्या काठावर भराव घालू नये असे म्हणणाऱ्यांना २६ जुलै २००५ ची आठवण पुरेशी आहे.

माझे लक्ष वेधले ते 'वन' या शब्दाने. १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, कायद्यातील या शब्दाचा अर्थ कोशातील अर्थाप्रमाणे घ्यावयाचा; शिवाय सरकारी दप्तरात वन म्हणून नोंदलेली जमीनही, मालकी कोणाचीही असो, त्यात येते. २०२३ च्या कायदादुरुस्तीने ही व्याप्ती आवळली. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेशाने जुनाच अर्थ तूर्त चालू ठेवावयास सांगितले. एका शब्दाच्या कोशगत अर्थावर देशातील लाखो एकर जमिनीचे भवितव्य अवलंबून आहे, हे वाचून भाषेच्या अभ्यासकाला क्षणभर आपले महत्त्व वाढल्यासारखे वाटते. परंतु कोणता कोश ? आणि कोणत्या भाषेचा ? मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली त्याच १८५७ साली मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती निघाली. तेव्हापासूनचे आपले कोश चाळले तर वन, अरण्य, रान, जंगल, झाडी, राई असे शब्द एकमेकांचे अर्थ म्हणून दिलेले दिसतात. बोलणारा माणूस मात्र ते एकमेकांच्या जागी वापरीत नाही. 'रान' हे 'अरण्य' शब्दाचेच प्राकृतातून आलेले रूप. पण देशावरचा शेतकरी 'रानात गेलो' म्हणतो तेव्हा तो आपल्या शेतात गेलेला असतो. 'जंगल' तर त्याहून नवलाचे. आयुर्वेदात भूमीचे जांगल, आनूप आणि साधारण असे तीन प्रकार मानतात. त्यांत जांगल म्हणजे कोरडी, उघडी, विरळ झाडांची भूमी, आजच्या अर्थाच्या जवळजवळ उलट. (तिसऱ्या प्रकाराचे नाव 'साधारण' आहे, हे सामान्य शिक्षणाच्या चर्चेत सहज लक्षात ठेवण्याजोगे.)

येथपर्यंत माझ्या विषयाने मला आणून सोडले. पुढचे पाऊल त्याच्या बळावर टाकता येत नाही, ही या उदाहरणातली मर्माची गोष्ट आहे. व्युत्पत्तीने आरेचा प्रश्न सुटत नाही. वनस्पतिशास्त्राने एकट्याने सुटत नाही, कारण लावलेली झाडे वन होतात की नाही हा अंशतः कायद्याचा प्रश्न आहे. कायद्याने एकट्याने सुटत नाही, कारण कायद्यानेच तो कोशाकडे सोपविला. स्थापत्यशास्त्राने, अर्थशास्त्राने, पाड्यांच्या इतिहासानेही तो एकेकट्याने सुटत नाही. येथे हवा असतो तो प्रत्येकाच्या शास्त्रातील शब्द दुसऱ्याच्या शास्त्रात काय होतो हे ओळखण्याचा सराव. आणि तोच मला सामान्य शिक्षणाचा गाभा वाटतो.

आता यावर कोणी म्हणेल की, पर्यावरणाची पत्रिका तर आपण सर्वांना सक्तीची केली आहे. खरे आहे. १९९१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर बऱ्याच वर्षांनी का होईना, अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा समाईक पाठ्यक्रम तयार केला, आणि त्यात वनसंपदेवर एक घटक आहे. एका संपूर्ण पिढीने वनसंवर्धनाचे फायदे मुद्देसूद लिहून गुण मिळविले आहेत. परंतु वन म्हणजे काय, हे कोणी व कसे ठरवावयाचे, असा प्रश्न त्या पत्रिकेच्या वळणात बसत नाही. तिच्यातली उत्तरे आधीच ठरलेली असतात. सामान्य शिक्षणाच्या नावाखाली आपण विशेषज्ञांची पातळ केलेली उत्तरे वाटतो. त्यांचे मतभेद विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचू देत नाही.

गेल्या वर्षी मी एक छोटा प्रयोग केला. पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचे चौदा विद्यार्थी, विधी, वनस्पतिशास्त्र, वाणिज्य आणि मराठी अशा चार शाखांचे, एका शनिवारी आरेत नेले. दिवसभर हिंडून झाल्यावर प्रत्येकाने 'आरे हे वन आहे काय' यावर मराठीत अर्धे पान लिहावयाचे होते. विधीच्या विद्यार्थिनीने पहिल्या वाक्यात 'अधिसूचित' या शब्दासाठी जागा मोकळी सोडली होती. तिला तो इंग्रजीतच येत होता. वनस्पतिशास्त्राच्या दोघांनी झाडांच्या देशी-विदेशी जातींची यादी केली आणि निष्कर्ष काढलाच नाही. वाणिज्याच्या मुलाने जमिनीचा भाव काढला. माझ्या स्वतःच्या विद्यार्थ्यांनी, म्हणजे मराठीच्या, 'जंगल' शब्दाची व्युत्पत्ती दिली आणि ज्या पाड्यात आम्ही दीड तास बसलो होतो त्याचा उल्लेखही केला नाही. त्यांची पाने वाचताना मला माझ्या अध्यापनाची लाज वाटली. नंतर पाने अदलाबदल करून वाचावयास दिली, तेव्हा बहुतेकांना दुसऱ्याचे पान समजले नाही. अडचण परिभाषेची होती असे म्हणणे सोपे आहे. परंतु परिभाषा विचारून घेता येते. दुसऱ्याला विचारावे असे त्यांना वाटतच नव्हते. शाखा निराळी म्हणजे प्रश्न निराळा, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती, आणि ती आम्हीच करून दिलेली आहे.

येथे भाषेचा मुद्दा टाळता येत नाही. विशेषज्ञांनी आपसांत आपल्या परिभाषेत बोलावे, इंग्रजीत बोलावे, त्यास हरकत नाही. परंतु दोन शास्त्रांची गाठ पडावयाची तर ती दोघांच्याही समाईक भाषेत पडावी लागते. आणि मुंबईच्या उपनगरांत, पाड्यावरच्या माणसासह, ती भाषा पुष्कळदा मराठी असते. आठ श्रेयांकांची भाषिक क्षमता अर्जलेखन आणि सारांशलेखन यांत खर्च होते. त्याऐवजी न्यायालयाचा एक परिच्छेद, सातबाऱ्यावरची एक नोंद आणि वनस्पतिशास्त्राचे एक वर्णन यांचे परस्परांना कळेल असे मराठी करून घेण्यात ते खर्च झाले, तर भाषाशिक्षण आणि सामान्य शिक्षण ही दोन वेगळी खाती राहणार नाहीत.

माझी सूचना फार मोठी नाही. सुट्या दोन-दोन श्रेयांकांच्या पत्रिकांपैकी तीन-चार एकत्र करून त्यांच्या जागी वर्षभराची एकच पत्रिका ठेवावी. तिचा विषय एखादे शास्त्र नसून आसपासचा एक खरा, अनिर्णीत प्रश्न असावा. आणि वर्गात तीन विभागांचे अध्यापक एकाच वेळी बसावेत, एकमेकांना अडवावेत. यावर घेतला जाणारा आक्षेप मला ठाऊक आहे. मुख्य विषयाची खोली उणावेल, असे विद्वान म्हणतात; मला तसे वाटत नाही, कारण मुख्य विषयाच्या साठांपैकी एकही श्रेयांक मी मागत नाही. खरा आक्षेप उघडपणे मांडला जात नाही. अध्यापकांची पदे कार्यभारावर ठरतात, कार्यभार श्रेयांकांवर ठरतो, आणि एका वर्गात बसलेल्या तिघांचा कार्यभार तीन ठिकाणी कसा लिहावयाचा याचे उत्तर कोणत्याही तक्त्यात नाही. म्हणून प्रत्येक विभाग आपापली दोन श्रेयांकांची पत्रिका घट्ट धरून बसतो. पदे वर्षानुवर्षे रिकामी असलेल्या काळात त्याला दोष देणेही अवघड आहे. मीही अभ्यासमंडळाच्या बैठकीत तेच केले आहे. परंतु ही प्रशासकीय सोय आहे. तिला शैक्षणिक तत्त्वाचे नाव देऊ नये.

आरेच्या प्रयोगाची दुसरी बैठक महिन्याने झाली. त्या वेळी पुन्हा अर्धे पान लिहून घेतले. विधीच्या विद्यार्थिनीने वाणिज्याच्या मुलाला विचारले होते की, जमीन दुग्धविकास खात्याच्या नावावर आहे की वनखात्याच्या, याने तू काढलेला भाव बदलतो काय. त्याला उत्तर देता आले नाही, पण त्याने प्रश्न लिहून घेतला. वनस्पतिशास्त्राच्या एका विद्यार्थ्याने आपल्या जुन्या पानावरील 'लावलेली झाडे' हे शब्द खोडून समासात लिहिले होते : झाड लावल्यानंतर किती वर्षांनी ते लावलेले राहत नाही, आणि हे कोण ठरवितो ? मराठीचे विद्यार्थी या खेपेस पाड्यातल्या लोकांना 'रान' म्हणजे काय हे विचारून आले होते, आणि परस्परविरुद्ध तीन उत्तरे घेऊन आले होते.

तिसऱ्या बैठकीला पाचच जण आले. बाकीच्यांची त्या शनिवारी दोन श्रेयांकांच्या पत्रिकेची अंतर्गत चाचणी होती.