ज्ञान कशाला म्हणायचं?

मोताळ्यात काय, कुठंही काय, 'ज्ञानी' म्हटलं की एक तर संत आठवतो, नाहीतर शिकलेला माणूस.

1290च्या 'ज्ञानेश्वरी'त, तेराव्या अध्यायात, गीतेतली ज्ञानाची लक्षणं उलगडली आहेत: मानाची हाव नसणं, दंभ नसणं, अहिंसा. म्हणजे ज्ञान वागण्यात दिसतं. जोतीराव फुल्यांच्या 1855च्या 'तृतीय रत्न' नाटकात जोशी ग्रहदशेची भीती घालून कुणबी जोडप्याला लुबाडतो. शेवटी ते दोघं शाळेत जायचं ठरवतात.

या दोघांना आपण अध्यात्म आणि समाजसुधारणा अशा वेगळ्या कप्प्यांत टाकतो. मला ते पटत नाही. हा जोशी ज्ञानेश्वरांच्या कसोटीवरही नापासच होतो. मात्र ती कसोटी ज्ञानी ओळखायला शिकवते. त्याचं सांगणं खरं की खोटं, हे तपासायचं साधन देत नाही. फुले ते साधन मागतात.

आपल्या जिल्ह्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घट मांडतात, दुसऱ्या दिवशी पीक-पावसाचं भाकीत सांगतात. श्रद्धा की अंधश्रद्धा, म्हणून आपण भांडत बसतो. त्यापेक्षा भाकीत वहीत लिहा आणि दिवाळीला ताडून पाहा. ज्ञान तिथून सुरू होतं.