जगदंबा तलवार आणि ‘भेट’ या शब्दाचा अर्थ

परदेशी वस्तुसंग्रहालयांत गेलेल्या वस्तू त्यांच्या मूळ देशास परत कराव्यात की नाही, हा वाद महाराष्ट्रात बहुधा ‘लूट’ आणि ‘भेट’ या दोन शब्दांतच आटोपतो. लूट असेल तर मागावी, भेट असेल तर गप्प बसावे, असा सरळ हिशेब त्यामागे असतो. कोल्हापूरच्या जगदंबा तलवारीपाशी हा हिशेब जुळत नाही. तो का जुळत नाही, हे कळण्यास लंडनमधील संग्रहांच्या याद्यांपेक्षा पन्हाळ्याचा इतिहास अधिक उपयोगी पडतो.

वाघनखांचा प्रश्न येथे प्रथमच वेगळा काढलेला बरा. ऑक्टोबर २०२३ मध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमशी झालेल्या करारानुसार ती तीन वर्षांसाठी उसनी मिळाली, व जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात प्रदर्शनास मांडण्यात आली. व्यासपीठांवरून मात्र ती ‘परत आली’ असेच सांगितले गेले. उसन्या वस्तूस परत आलेली म्हणणे हा भाषेचा सैलपणा तर खराच. पण करारावर सही करताना दुसऱ्याची मालकी मान्य केली होती, याचाही त्यात विसर पडतो. ही वस्तू पेशव्यांच्या प्रधानाने साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ यास दिली, असे तिच्या पेटीवरील मजकूर सांगतो. छत्रपतींच्या घराण्यातील असे शस्त्र पेशव्यांच्या कारभाऱ्याच्या हाती कसे पडले, याचा उलगडा त्या मजकुरात नाही. अफझलखानाच्या वधात वापरलेली वाघनखे हीच, अशी ग्वाही संग्रहालय स्वतःही देत नाही. कोल्हापूरचे संशोधक इंद्रजित सावंत यांनी याच मुद्द्यावर आक्षेप घेतला होता. उत्सवाच्या गलबल्यात तो मागे पडला.

जगदंबेची गोष्ट निराळी आहे. प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढील सातवा एडवर्ड, १८७५-७६ मध्ये हिंदुस्थानात आला असता कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज यांनी ही तलवार त्यास नजर केली. ती आज इंग्लंडच्या राजसंग्रहात आहे. तिलाच ‘भवानी’ समजून ती आणण्याची घोषणा १९८० नंतर मुख्यमंत्री अंतुले यांनी केली होती. तेव्हापासून दोन तलवारींची नावे लोकांच्या मनात एकमेकींत मिसळली ती मिसळलीच. तलवार हिसकावून नेली नव्हती. ती दरबारी रिवाजाने दिली गेली, आणि अशा प्रसंगी उलट नजराणेही मिळत. तेव्हा ‘लूट’ हा शब्द येथे लागू पडत नाही, हे परत मागणाऱ्यांनी प्रथम कबूल केले पाहिजे.

परंतु देणारा कोण होता? १८६३ मध्ये जन्मलेले व १८७१ मध्ये दत्तक येऊन गादीवर बसलेले महाराज त्या वेळी अवघे बारा-तेरा वर्षांचे होते. राज्याचा कारभार इंग्रज अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली चालला होता. ही देखरेख कोठून आली, याचे उत्तर पन्हाळ्यावर सापडते. १७८२ पर्यंत करवीरच्या गादीचे ठाणे याच गडावर होते. १८४४ मध्ये गडकऱ्यांचा उठाव झाला, साताऱ्याचा रेसिडेंट ओव्हान्स यास बंडवाल्यांनी याच गडावर कैदेत ठेवले, आणि त्याच वर्षाच्या १ डिसेंबरला इंग्रजांनी पन्हाळा घेतला. गडाचा चार दरवाजा तेव्हा पाडण्यात आला. गडकऱ्यांची शिबंदी मोडली व राज्य इंग्रजी अंमलाखाली गेले. १८६२ च्या तहाने अधिकार परत मिळाले, तेही अटी घालूनच. एकतीस वर्षांपूर्वी ज्या दरबाराची तटबंदी पाडली, त्याच दरबारातील अल्पवयीन राजाने युवराजाला वंशसंस्थापकाची म्हणून जपलेली तलवार दिली. कायद्याच्या दृष्टीने ही भेट पक्की ठरेल. ती स्वेच्छेने दिलेली होती, असे मात्र त्यावरून ठरत नाही.

यावर असा प्रश्न येईल की, हा न्याय लावला तर त्या दौऱ्यातील संस्थानिकांचे सारेच नजराणे परत मागावे लागतील. आक्षेप वजनदार आहे. त्यास उत्तर इतकेच देता येते की, प्रसंगापुरती घडवून घेतलेली वस्तू आणि वंशपरंपरेने सांभाळलेली वस्तू यांत भेद आहे; दुसऱ्या प्रकारच्या वस्तूचा गादीवरील पुरुष केवळ राखणदार असतो. पथूरच्या नटराजाच्या खटल्यात १९९१ मध्ये लंडनच्या अपील न्यायालयाने खुद्द देवालयाचा दावा मान्य केला होता. अर्थात तेथे मूर्ती चोरून नेलेली होती, त्यामुळे हा दाखला जगदंबेस पुरता लागू पडत नाही. रघुजी भोसल्यांची तलवार २०२५ मध्ये शासनाने लिलावात सुमारे ४७ लाख रुपयांना विकत घेतली, तो मार्गही येथे बंद आहे, कारण राजसंग्रह विक्रीस नाही.

व्हिक्टोरिया अँड अल्बर्टच्या विश्वस्तांचे हात १९८३ च्या कायद्याने बांधलेले आहेत. राजसंग्रह त्या कायद्याखाली येत नाही; राजा तो राष्ट्रासाठी विश्वस्त म्हणून धारण करतो. म्हणजे येथे अर्ज करावयाचा तो संग्रहालयाकडे नव्हे, आणि त्यात लुटीचा आरोपही चालणार नाही. १८४४ पासून १८७५ पर्यंत करवीर दरबारास नाही म्हणण्याची मुभा कितपत होती, हे दरबारी दप्तरातील कागदांनी दाखवून देणारा तो अर्ज असला पाहिजे. तलवारीचे नाव त्यात एकच असावे, आणि ते ‘भवानी’ नसावे.