तक्त्यातील क्षयरोग

शालेय विज्ञानाच्या पुस्तकांत संसर्गजन्य रोगांचा एक तक्ता असतो. अभ्यासक्रम बदलले, पुस्तकांची मुखपृष्ठे रंगीत झाली, तरी तक्ता बहुधा तोच राहिला आहे. डावीकडे रोगाचे नाव, मग रोगकारक, प्रसाराचा मार्ग, लक्षणे आणि शेवटी प्रतिबंधक उपाय. क्षयरोगाची ओळ तर अनेक शिक्षकांना पाठच असेल. रोगकारक : मायकोबॅक्टेरियम ट्युबरक्युलोसिस हा जीवाणू. प्रसार : रुग्णाच्या खोकल्यातून, हवेमार्फत. लक्षणे : दीर्घ मुदतीचा खोकला, ताप, वजन घटणे, थुंकीतून रक्त. उपाय : बी.सी.जी. लस, रुग्णाला वेगळे ठेवणे, घरात खेळती हवा, नियमित औषधे. ‘जोड्या लावा’ या प्रश्नासाठी ही ओळ फार सोयीची आहे.

आम्ही जीवाणुशास्त्राचे विद्यार्थी. हाच तक्ता आम्ही शिक्षकांच्या शिबिरांतून बरीच वर्षे समजावून दिला आहे, तेव्हा पुढे जी टीका करणार आहोत तिच्यातून आम्हीही सुटत नाही. काही वर्षांपूर्वी अशाच एका शिबिरात तक्ता फळ्यावर लिहून झाला होता. मागच्या बाकावरच्या एका बाईंनी हात वर केला. त्यांच्या वर्गात चाळीस मुले होती, त्यांपैकी दोघांच्या घरी क्षय होता, आणि दोघेही वीटभट्टीजवळच्या एकाच वस्तीतले. “जंतू काय वस्ती बघून जातो का?” त्यांनी विचारले. दाट वस्तीत संसर्ग लवकर होतो, असे आम्ही सांगितले. उत्तर चुकीचे नव्हते, पण अर्धेच होते. बाईंचे समाधान झाले नाही हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते. खरे म्हणजे आमचेही झाले नव्हते.

उरलेले अर्धे उत्तर तक्त्याच्या दुसऱ्या रकान्यापाशी अडते. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये क्षयाचा जीवाणू दाखवला. या शोधाचे मोल कमी लेखण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. त्यापूर्वी क्षय हा आनुवंशिक रोग, दुबळ्या प्रकृतीचा दोष, असे समजले जाई. परंतु जीवाणू शरीरात शिरणे आणि रोग होणे या दोन वेगळ्या घटना आहेत. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत १५ वर्षांवरील सुमारे ३१ टक्के भारतीयांना क्षयाच्या जीवाणूचा संसर्ग झालेला आढळला. एवढ्या लोकांना क्षय झालेला नाही हे उघड आहे. संसर्ग झालेल्या दर शंभरांपैकी साधारण पाच ते दहा जण आयुष्यात कधीतरी आजारी पडतात. बाकीच्यांची प्रतिकारशक्ती जीवाणूला दाबून ठेवते. म्हणजे जीवाणूवाचून क्षय होत नाही हे खरे, पण केवळ जीवाणूमुळे क्षय होतो हे खरे नाही. शंभरांतले ते पाच-दहा जण कोण, हा प्रश्न तक्ता विचारतच नाही.

हा प्रश्न नवा नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये क्षयाने होणारे मृत्यू एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सतत घटत होते. कॉख यांचा शोध नंतरचा, आणि स्ट्रेप्टोमायसिनची पहिली शास्त्रशुद्ध चाचणी प्रसिद्ध झाली ती १९४८ साली. औषध हाती येण्यापूर्वीच घटीचा मोठा भाग पूर्ण झाला होता. थॉमस मकिओन यांनी १९७६ च्या आपल्या पुस्तकांतून ही गोष्ट ठासून मांडली आणि तिचे श्रेय मुख्यतः सुधारलेल्या आहाराला दिले. मकिओन यांचे म्हणणे पुढे अनेकांनी डोळे मिटून स्वीकारले. ‘औषधांनी काहीच केले नाही’ अशी त्याची सोपी आवृत्तीही निघाली. ती आम्हाला मान्य नाही. सायमन श्रेटर यांनी १९८८ मध्ये दाखवून दिले की नगरपालिकांचे काम, पाणी, गटारे आणि घरांविषयीचे कायदे यांचा वाटा मकिओन यांनी फारच कमी धरला होता. शिवाय ज्याच्या फुप्फुसात पोकळी पडली आहे त्याला १८५० पासूनच्या आलेखाचा काय उपयोग? त्याला औषधच हवे.

येथे आपल्याच देशातील एका प्रयोगाकडे वळावे लागते. त्याचा अभिमान बाळगण्यासारखा आहे, आणि त्याचा पुढे चुकीचा अर्थही लावला गेला. १९५६ साली मद्रासमध्ये क्षयरोग औषधोपचार केंद्र सुरू झाले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यक संशोधन परिषद यांचा तो संयुक्त उपक्रम होता. तेव्हा क्षयावर उपचार म्हणजे आरोग्यधाम : स्वच्छ हवा, विश्रांती, दूध, अंडी. भारतातल्या रुग्णांच्या मानाने आरोग्यधामातल्या खाटा नगण्य होत्या. वॉलेस फॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मद्रासच्या गरीब वस्त्यांतल्या रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी केली. एक गट आरोग्यधामात राहिला, दुसरा आपल्या घरीच. औषधे दोघांना सारखीच. घरी राहिलेल्यांना कोंदट खोली, अपुरे जेवण आणि कामाची दगदग चुकली नाही. तरीही वर्षाअखेर आरोग्यधामातले ९२ टक्के आणि घरचे ८६ टक्के रुग्ण जंतुमुक्त स्थितीत आढळले. १९५९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगभर आरोग्यधामांची गरज संपत गेली. या केंद्राने रुग्णांच्या कुटुंबीयांवरही काही वर्षे लक्ष ठेवले. उपचार सुरू झालेला रुग्ण घरात राहिल्यामुळे त्यांच्यात क्षयाचे प्रमाण वाढले नाही.

आता पुन्हा तक्ता पाहा. ‘रुग्णाला वेगळे ठेवणे’ हे शब्द काही पुस्तकांत अजून आहेत. मद्रासच्या प्रयोगाला साठ वर्षे उलटून गेली. औषध नियमित चालू असलेल्या सामान्य क्षयरुग्णाकडून होणारा संसर्ग झपाट्याने कमी होतो, पण तक्त्यातल्या तीन शब्दांमुळे कुणा सुनेचे ताट वेगळे होते, तिला माहेरी पाठवले जाते. ज्या मुलाच्या आईला क्षय आहे तो मुलगा वर्गात बसून हे शब्द वहीत उतरवून घेतो. त्या वेळी त्याच्या मनात काय चालत असेल, याचा विचार पुस्तक लिहिताना कुणी केला असेल असे वाटत नाही.

मद्रासच्या प्रयोगाने एका प्रश्नाचे उत्तर दिले होते : आजारी माणूस घरी, साध्या अन्नावर राहून औषधाने बरा होईल का? उत्तर : होय. पण नंतरच्या काळात ते उत्तर दुसऱ्याच प्रश्नाला लावले गेले : क्षयाच्या बाबतीत अन्नाला काही महत्त्व आहे का? उत्तर : नाही. हा तर्कदोष आहे, आणि शिक्षकांनी तो वर्गात दाखवण्याजोगा आहे. छत्री नसतानाही न्यूमोनियाचा रुग्ण औषधाने बरा झाला, म्हणून पावसात भिजायला हरकत नाही, असे म्हणण्यासारखेच ते. आजारी कोण पडेल आणि आजारी पडल्यावर कोण बरे होईल हे दोन प्रश्न आहेत. मद्रासच्या शास्त्रज्ञांनी त्यांची गल्लत केली नव्हती. ती केली त्यांचे निबंध घाईने वाचणाऱ्यांनी. अन्न हा विषय मग क्षयाच्या कार्यक्रमातून जवळजवळ बाहेरच गेला. रुग्णाला आहारासाठी दरमहा ५०० रुपये देण्याची देशव्यापी योजना आली ती २०१८ साली. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये झाली.

पहिल्या प्रश्नाचे नीट उत्तर मिळवायला २०२३ साल उजाडावे लागले. अनुराग आणि माधवी भार्गव या डॉक्टर दांपत्याने मद्रासच्याच त्या केंद्रातील (त्याचे आजचे नाव राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था) सहकाऱ्यांबरोबर झारखंडच्या चार जिल्ह्यांत एक चाचणी घेतली. फुप्फुसाचा क्षय असलेले २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरातली १०,३४५ माणसे तिच्यात होती. बहुसंख्य कुटुंबे आदिवासी. रुग्णांपैकी दर पाचांतले चार जण कमी वजनाचे होते. औषधे आणि महिन्याचा शिधा सर्व रुग्णांना मिळाला. फरक केला तो घरच्यांमध्ये. एका गटातील कुटुंबीयांना माणशी दरमहा ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या (लहान मुलांना याच्या निम्मे), दुसऱ्या गटाला दिल्या नाहीत. शिधा न मिळालेल्या ४,७१२ जणांपैकी १२२ जणांना पुढे क्षय झाला, तर शिधा मिळालेल्या ५,६०२ जणांपैकी ९६ जणांना. विद्यार्थ्यांना हे दोन अपूर्णांक देऊन टक्केवारी काढायला जरूर सांगावे. तफावत साधारण एक-तृतीयांश येईल. प्रत्यक्ष निबंधात ३९ टक्के घट दिली आहे, कारण संशोधकांनी प्रत्येकाचा निरीक्षणाचा काळ आणि गटांमधले इतर फरक हिशेबात धरले. सरासरी आणि दर यांत फरक का पडतो, हे समजावण्याची ती चांगली संधी आहे. थुंकीच्या तपासणीत सिद्ध होणारा, म्हणजे इतरांना लागू शकणारा क्षय तर ४८ टक्क्यांनी घटला.

तांदूळ आणि डाळ. यात कोणतीही नवी लस नव्हती. बी.सी.जी. लहान मुलांना क्षयाच्या घातक प्रकारांपासून वाचवते, पण तमिळनाडूतील चिंगलपुटच्या प्रचंड मोठ्या चाचणीत प्रौढांच्या फुप्फुसाच्या क्षयाविरुद्ध तिचा उपयोग दिसला नाही. तक्त्यात मात्र बी.सी.जी. पहिल्या क्रमांकावर आणि जेवण बेपत्ता. कुठे ‘सकस आहार घ्यावा’ असे लिहिलेले असतेच, पण ‘घ्यावा’ या क्रियापदाचा कर्ता कोण? ज्याच्या हाती घेणे नाही त्याला केलेला तो उपदेश आहे.

‘घरात खेळती हवा व सूर्यप्रकाश असावा’ हे वाक्यही असेच आहे. मुंबईत गोवंडी-मानखुर्द भागात झोपडपट्टीवासीयांच्या पुनर्वसनासाठी बांधलेल्या वसाहती पाहा. लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड ही त्यांची नावे आता आरोग्याच्या अभ्यासांतून वाचायला मिळतात. दोन इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटर अंतर, त्यामुळे खालच्या मजल्यांवर दिवसाही दिवा लावावा लागतो. तेथील पाहणीत प्रकाश आणि वारा कमी असलेल्या घरांत क्षयाचे प्रमाण अधिक आढळले. या घरांची खिडकी कुठे असावी हे त्यांत राहणाऱ्यांनी ठरवले नव्हते. ते बांधकामाच्या नियमांनी ठरवले, आणि पुनर्वसनाच्या इमारतींसाठी ते नियम सैल केले गेले होते. म्हणजे तक्त्यातल्या ‘प्रसार’ या रकान्यात, खोकल्याच्या शेजारी, दोन इमारतींमधले अंतरही लिहायला हवे.

राहिला उपचाराचा भाग. औषधे सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, आणि ही मोठी गोष्ट आहे. पण रोजंदारीवरचा माणूस खोकला सुरू झाल्यावर प्रथम कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे जातो, खोकल्याचे औषध घेतो, मग दुसऱ्या डॉक्टरकडे. निदान होईपर्यंत हातचे पैसे संपलेले असतात आणि मजुरी बुडालेली असते. दगडखाणीतल्या कामगाराच्या फुप्फुसात सिलिकाची धूळ साठलेली असली तर त्याला क्षयाचा धोका मुळातच जास्त, आणि बरे झाल्यावर तो परत जातो ते त्याच खाणीत. २०२५ पर्यंत क्षय संपवण्याचे उद्दिष्ट देशाने ठेवले होते. ते साल सरले, तरी जगातील सुमारे चौथा हिस्सा क्षयरुग्ण आपल्याच देशात आहेत. उद्दिष्ट चुकले याचा आम्हाला फारसा विषाद नाही, उद्दिष्टे चुकतात. विषाद याचा वाटतो की रुग्णाच्या घरच्या माणसांना शिधा देण्याचे काम अजून बऱ्याच अंशी ‘निक्षय मित्र’ म्हणवणाऱ्या देणगीदारांच्या मर्जीवर सोपवलेले आहे. एखाद्या लसीने हा रोग ३९ टक्के कमी केला असता, तर तिच्यासाठी देणगीदार शोधत बसलो असतो का?

तक्ता काढून टाकावा असे आम्ही म्हणत नाही. जीवाणूचे नाव मुलांना यायलाच हवे. आमची सूचना मर्यादित आहे. क्षयाच्या ओळीतले ‘रुग्णाला वेगळे ठेवणे’ हे शब्द खोडून तेथे ‘औषधे सुरू असलेल्या रुग्णाला घरात नेहमीसारखे वागवणे, खोकताना तोंडावर रुमाल धरणे, घरातील सर्वांची तपासणी’ असे लिहावे. उपायांच्या रकान्यात प्रत्येक उपायापुढे एक छोटा कंस ठेवावा : हे कोणी करायचे? मुलाने, आईवडिलांनी, ग्रामपंचायतीने, नगरपालिकेने, की राज्य सरकारने? हे कंस मुलांनाच भरू द्यावेत. वीटभट्टीजवळच्या त्या दोन मुलांच्या बाईंना आम्ही हाच बदललेला तक्ता पत्राने पाठवला. त्यांचे उत्तर आले. मुलांनी ‘खेळती हवा’पुढे ‘घरमालक’ असे लिहिले आहे, आणि ‘सकस आहार’पुढचा कंस भरताना वर्गात अर्धा तास वाद झाला, तो अजून मिटलेला नाही.