बारा शब्दांचे रसग्रहण

नवकविता कळत नाही अशी तक्रार करणाऱ्या मंडळींनी हल्लीची एक रचना जरूर अभ्यासावी. तिच्यात मोजून बारा शब्द असतात. वृत्त नाही, यमक नाही, क्रियापद कर्त्याला ओळखत नाही आणि विशेषणाला नामाचा पत्ता ठाऊक नाही. कवी म्हणाल तर एक यंत्र. वाचक एकच, आणि दुसऱ्याने वाचली की पहिल्याचे दिवाळे! एवढी मजल आमच्या कुठल्याही दुर्बोध कवीला मारता आलेली नाही. आमचे कवी कळत नसले तरी निदान वाचून दाखवतात. पुरे म्हटलं तरी दाखवतात.

मोबाइलवर क्रिप्टोचे पाकीट उघडले, की ते प्रथम ही रचना आपल्या हाती ठेवते. तिला 'सीड फ्रेज' म्हणतात. मी बीजमंत्र म्हणतो. आता तुम्ही विचाराल, की बी.कॉम. झालेल्या माणसाने काव्यसमीक्षेत का पडावे? पण ज्या कवितेतला एक शब्द हरवला तर आख्खे खाते हरवते, तिचे परीक्षण मराठीच्या प्राध्यापकापेक्षा बँकेतल्या कारकुनाने केलेले बरे.

या काव्याशी माझा परिचय भाच्याने करून दिला. त्याने एक एनएफटी घेतले आहे. म्हणजे मांजराचे चित्र. मांजराने टोपी घातली आहे, आणि भाच्याच्या म्हणण्याप्रमाणे तसल्या टोपीचे जगात हे एकच मांजर.

"अरे, पण हे माझ्याही फोनवर दिसतंय की!" मी म्हटलं.

"मामा, तुला नुसतं दिसतंय. मालक मी आहे."

हे मात्र मला चटकन कळले. गेली वीस वर्षे मीही रोज लाखो रुपये नुसते पाहतो आहे.

भाच्याची समजूत अशी, की मांजर पाकिटात बसले आहे. तसे ते नसते. ब्लॉकचेन नावाची एक जाहीर खतावणी आहे. तिच्यात 'अमुक क्रमांकाचे टोकन अमुक पत्त्याच्या नावे' एवढीच नोंद असते. अशा नोंदींचा ईआरसी-७२१ हा प्रचलित नमुना २०१८ सालचा. (आमच्या बँकेतही पूर्वी पितळी टोकन देत, पण ते दाखवले की खिडकीतून पैसे मिळत.) चित्र बहुधा तिसरीकडेच असते आणि नोंदीत फक्त त्याचा पत्ता. एफटीएक्स हा क्रिप्टोबाजार नोव्हेंबर २०२२ मध्ये दिवाळखोरीत गेला, तेव्हा त्याच्याकडे ठेवलेल्या कितीतरी एनएफटींची चित्रे दिसेनाशी झाली. चित्राच्या पत्त्यावर जावे, तर समोर दिवाळखोरीची माहिती! नोंद शाबूत, मांजर पसार. तेव्हा पाकिटात असते ती फक्त किल्ली, आणि ती किल्ली घडते या बारा शब्दांतून.

आता मूळ संहितेकडे वळू. हे शब्द यंत्राला वाटेल तिथून आलेले नसतात. २०१३ साली त्यासाठी २०४८ साध्या इंग्रजी शब्दांची एक यादी ठरली. पहिला शब्द 'अबॅन्डन' आणि शेवटचा 'झू'. म्हणजे आरंभी 'सोडून दे' आणि अखेरीस प्राणिसंग्रहालय. संसाराचे याहून नेमके वर्णन मी वाचलेले नाही. पुढे जपानी, कोरियन, फ्रेंच, झेक अशा याद्याही झाल्या; मूळ प्रमाण याद्यांत मराठीला अजून जागा मिळालेली नाही. पहिली चार अक्षरे लागली की पुरा शब्द ओळखावा, अशी निवड केलेली आहे. शब्दांचा क्रम बदलला की खाते बदलते. शेवटच्या शब्दात तर ताळा घालण्याची सोय आहे: आधीच्या शब्दांशी त्याचा मेळ बसला नाही, तर पाकीट रचना साभार परत करते. आणि अशा बारा शब्दी रचना एकूण होतात किती? ही संख्या एकोणचाळीस अंकी आहे. चोराने अंदाजाने ओळखायचे म्हटले तर त्याच्या नातवंडांनाही पेन्शन लागेल. बांधणीत दोष काढायला जागा नाही.

मी ती यादी निवांतपणे चाळली. तिच्यात 'क्लार्क' आहे. 'कॅश' आहे, 'लोन' आहे, 'बॅलन्स' आहे. 'अंकल' आहे, आणि त्याला छळायला 'नेफ्यू'ही आहे. नाही ती फक्त 'बँक'! कारकुनाला ठेवून बँकच काढून टाकल्याचे मी प्रथमच पाहिले. एरवी उलट होते.

या काव्यप्रकाराचा मुख्य नियम असा, की ते कुठे छापून येता कामा नये. पण कविता हाती आली की ती जपून ठेवण्याच्या भलत्याच जागा माणसाला सुचतात. भाच्याने तिचा स्क्रीनशॉट काढला होता.

"सेफ आहे मामा. फोन सतत माझ्याजवळ असतो."

फोन जवळ असतो हे खरे, पण त्यातले फोटो रात्रीतून क्लाउडवर हवापालटाला जातात, त्याचे काय? एप्रिल २०२२ मध्ये 'मेटामास्क' या पाकिटाच्या चालकांना आयफोनवाल्या ग्राहकांना जाहीर इशारा द्यावा लागला, की आयक्लाउडचा बॅकअप चालू असेल तर पाकिटाची कुलूपबंद प्रतही तिकडे जाते. पासवर्ड कच्चा असला आणि कुणी आयक्लाउड फोडले, की पाकीट गेलेच म्हणा. तेव्हा बॅकअपमधून पाकीट वगळावे. बारा शब्द कागदावर, शाईने, क्रमांक घालून लिहावेत. एक प्रत घरी, एक दुसरीकडे. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून ठेवू नयेत. आणि "मदत केंद्रातून बोलतोय, जरा ते शब्द सांगता का?" म्हणणाऱ्याला काव्याचा रसिक समजू नये. खरा मदतनीस ते कधीही मागत नाही. ओटीपीबद्दल हेच वाक्य मी काउंटरवर दिवसातून दहा वेळा म्हणतो, आणि अकराव्या वेळी कुणीतरी ओटीपी मोठ्याने वाचून दाखवतो.

पद्य सांभाळले, तरी गद्यात फसगत आहेच. एखादे संकेतस्थळ पाकिटाला म्हणते, 'सही करा'. मजकुरात कुठेतरी 'सेट अप्रूव्हल फॉर ऑल' असे चार शब्द असतात. आमच्या भाषेत याला कुलमुखत्यारपत्र म्हणतात! त्या संग्रहातली तुमची सगळी चित्रे समोरच्याने हवी तेव्हा उचलावीत, असा त्याचा अर्थ. फेब्रुवारी २०२२ मध्ये 'ओपनसी' या बाजारातल्या सतरा जणांकडून चोरट्यांनी अर्धवट कोऱ्या मजकुरावर सह्या मिळवल्या आणि उरलेला मजकूर सवडीने भरला. कोऱ्या चेकवर सही करू नये हे सांगायला तिथे कारकून कोण होता?

मे २०२२ मध्ये सेथ ग्रीन या अमेरिकन नटाचे 'बोअर्ड एप' जातीचे माकड असेच फसव्या संकेतस्थळापायी गेले. त्या माकडाला घेऊन तो एक मालिका काढत होता. म्हणजे नायकच पळवला! चोराने ते तिसऱ्याला विकून टाकले, आणि नटाने आपलेच माकड सुमारे तीन लाख डॉलर मोजून सोडवून आणले. त्याआधी डिसेंबर २०२१ मध्ये तसल्याच एका माकडाच्या मालकाने विक्रीची किंमत ७५ ईथर लिहायच्या जागी ०.७५ लिहिली. क्षणात माकड गेले. तीन लाख डॉलरचा माल तीन हजारांत. रक्कम अंकात आणि अक्षरात दोनदा कशाला लिहायची, म्हणून जे माझ्यावर डाफरतात, त्यांना मी हल्ली ही माकडाची गोष्ट सांगतो.

उपाय आहेत. बाजारात न्यायचे पाकीट वेगळे, तिजोरीचे वेगळे. चित्र महागाचे असेल तर किल्ली फोनबाहेर ठेवणारे हार्डवेअर पाकीट घ्यावे. दिलेली मुखत्यारपत्रे अधूनमधून तपासून रद्द करावीत. आणि पाकिटात आपोआप येऊन पडलेल्या फुकट चित्राला हात लावू नये. तिठ्यावर पडलेल्या लिंबाला आपण वळसा घालून जातो ना, तसे जावे.

हे झाले वाचकांचे दोष. कवितेचा स्वतःचा दोष मला एका वेगळ्याच ठिकाणी दिसला.

मध्यंतरी आमच्या काउंटरवर एक बाई आल्या. प्लास्टिकच्या पिशवीत नवऱ्याचे पासबुक. "यांनी कधी काही सांगितलंच नाही हो," एवढेच त्या पुनःपुन्हा म्हणत होत्या. नवरे सांगत नाहीत, हे आमच्या धंद्यात गृहीतच धरलेले आहे. म्हणून तर नॉमिनी असतो. मृत्यूचा दाखला, फॉर्म, ओळखपत्र, पुन्हा एक फॉर्म. बाईंना तीन खेपा पडल्या. त्याबद्दल आम्हांला कुणी हार घालणार नाही. पण तिसऱ्या खेपेला पैसे त्यांच्या खात्यात जमा झाले. आता तर १ नोव्हेंबर २०२५ पासून खात्याला चार नॉमिनी लावता येतात.

या कवितेच्या काउंटरवर मात्र कुणीच बसलेले नाही. पाकीट काढणाऱ्या कंपनीकडे त्या शब्दांची प्रत नसते; हीच तिची सुरक्षितता आणि हाच तिचा निर्दयपणा. सही जुळत नाही म्हणून अडवणारा नाही, तसा "बसा, पाणी घ्या, बघू काय करता येतं" म्हणणाराही नाही. मालक विसरला किंवा गेला, की मांजर त्याच्या नावावर अनंतकाळ राहणार. सगळ्या जगाला दिसणार, आणि घरच्यांच्या हाती लागणार नाही.

मी भाच्याला विचारले, "उद्या तुझं काही बरंवाईट झालं तर?"

"मामा, काय हे अभद्र बोलतोस!"

"मी नॉमिनेशनचा फॉर्म भरून घेताना रोज हेच बोलतो, फक्त इंग्रजीत."

त्याने स्क्रीनशॉट पुसला, क्लाउडवरूनही पुसला. फुटलेले शब्द टाकून नवे पाकीट, नवे शब्द घेतले आणि मांजर तिकडे हलवले. दोन लिफाफे तयार केले. लिफाफ्यात काय आहे ते ताईला सांगितले नाही. कुठे आहे आणि उघडायची वेळ आली तर कुणाला बरोबर बसवायचे, तेवढे सांगितले. ताई म्हणाली, "ते सगळं ठीक आहे, पण त्या मांजराचं मी करू काय?" हा प्रश्न समीक्षेच्या कक्षेबाहेरचा आहे.

तेव्हा परीक्षकाचा अभिप्राय असा: रचना भक्कम, भाषा सोपी, पाठांतरावर भरवसा ठेवू नये. कोशात 'फर्गेट' आहे, 'हेल्प' आहे, 'वाइफ' आहे, पण 'डेथ' नाही. आणि मी दोनदा तपासून पाहिले, त्यात 'नॉमिनी' हा शब्दसुद्धा आहे. नुसता शब्द आहे. फॉर्म ज्याचा त्याने घरी भरायचा.